पाळीपूर्वीचा आठवडा : दोन मुलांच्या आईचे एक दुर्लक्षित दुखणे

माता व बालसंगोपनाच्या कामात आपल्याकडे नोंदी पुष्कळ होतात. गरोदरपणाची नोंद, लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताची लस, प्रसूतीचा दिनांक, बाळाचे वजन, त्याच्या लसी. धाकटे मूल अंगणवाडीतून शाळेत गेले आणि कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया होऊन गेली की आईचे नाव या नोंदवह्यांतून मागे पडते. ती आता निरोगी व मोकळी झाली असे गृहीत धरले जाते. परंतु तिशी ओलांडलेल्या अनेक स्त्रियांचे एक दुखणे नेमके याच सुमारास वाढीस लागते. महिन्यातील आठ-दहा दिवस ते त्यांना छळते आणि त्याला नाव ठाऊक नसल्यामुळे घरात व कचेरीत ते त्यांच्या स्वभावाच्या खाती जमा होते.

हे दुखणे म्हणजे पाळी येण्यापूर्वीच्या दिवसांत होणारा शारीरिक व मानसिक त्रास होय. स्तन जड होणे व दुखणे, पोट फुगणे, अंग सुजल्यासारखे वाटणे, डोके दुखणे, झोप उडणे किंवा अतिशय झोप येणे, गोड वा खारट खाण्याची अनावर इच्छा होणे, आणि याबरोबरच चिडचिड, अकारण रडू, धास्ती, कशातही मन न लागणे ही त्याची लक्षणे आहेत. पाळी सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांत हे सारे ओसरते. थोडाफार असा त्रास बहुसंख्य स्त्रियांना होतो व त्यास आजार म्हणण्याचे कारण नाही. काहींना मात्र तो नित्याच्या कामात अडथळा आणण्याइतका होतो. शंभरांतील सुमारे दोन ते सहा स्त्रियांत त्याचे स्वरूप इतके तीव्र असते की २०१३ मध्ये अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने त्याला स्वतंत्र विकार म्हणून मान्यता दिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तीतही त्याची नोंद आहे.

वैद्यकशास्त्राला हा त्रास नवा नाही. न्यूयॉर्कचे डॉ. रॉबर्ट फ्रँक यांनी १९३१ मध्ये त्याचे वर्णन केले व १९५३ मध्ये ब्रिटनमध्ये डॉ. कॅथरिना डाल्टन आणि डॉ. रेमंड ग्रीन यांनी त्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्याच काळात, १९२७ ते १९५३ या वर्षांत, र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ मराठीत निघत होते आणि शरीराविषयी स्पष्ट लिहिल्याबद्दल त्यांना न्यायालयात उभे राहावे लागत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे आपल्याकडे हा विषय इतका उशिरा का पोहोचला याचा उलगडा होतो.

एका शिक्षिकेचे दिनदर्शिकेचे पान

माझ्या ग्रामीण रुग्णालयातील सेवाकाळातील एक उदाहरण येथे देणे उपयुक्त ठरेल. तिसऱ्या इयत्तेला शिकवणाऱ्या एक शिक्षिका डोकेदुखीची तक्रार घेऊन आल्या. वय चौतीस, मुलगी आठ वर्षांची, मुलगा साडेतीन वर्षांचा. बोलता बोलता त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. तो नोकरीचा राजीनामा होता. मागील महिन्यात एका विद्यार्थ्याच्या अंगावर त्यांनी वही भिरकावली होती व त्याबद्दल मुख्याध्यापकांनी लेखी खुलासा मागितला होता. घरीही तीच गत होती. “मी अशी नव्हते हो, डॉक्टर. धाकट्याच्या वेळेपासून माझ्यात काय शिरलंय कोण जाणे. सासूबाई म्हणतात, ऑपरेशन बाधलं,” असे त्या म्हणाल्या. मुलावर हात उगारल्यानंतर रात्री त्या स्वयंपाकघरात बसून रडत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच घडे.

वही भिरकावल्याचा दिनांक त्यांना पाठ होता. त्यानंतर पाळी केव्हा आली असे विचारता त्यांनी बोटांवर मोजले आणि त्या गप्प झाल्या. दोनच दिवसांनी आली होती.

त्या दिवशी मी डोकेदुखीच्या दोन गोळ्यांखेरीज काहीही दिले नाही. राजीनामा दोन महिने थांबवा, एवढे सांगितले आणि भिंतीवरच्या ‘कालनिर्णय’वर जेथे दुधाचा खाडा लिहितात त्याच चौकटीत रोज रात्री एक आकडा लिहावयास सांगितले. त्रास नसेल तर शून्य, थोडा असेल तर एक, कामात अडथळा आला तर दोन, स्वतःला आवरता आले नाही तर तीन. पाळीच्या दिवसांभोवती गोल करावयाचा. चिडचिड, रडू, झोप आणि अंगदुखी यांपैकी काय झाले त्याचे आद्याक्षर आकड्यापुढे लिहावयाचे.

दोन महिन्यांनी त्या दोन पाने घेऊन आल्या. पहिल्या पानावर अकरा तारखेपासून दोन व तीन हे आकडे सुरू झाले होते, वीस तारखेला गोल होता आणि बावीसपासून शून्ये लागली होती. दुसऱ्या पानावर नऊपासून आकडे, अठराला गोल, विसापासून शून्ये. मधल्या अडीच आठवड्यांत एखाददुसरा एक सोडला तर काही नव्हते. पाने टेबलावर पसरून त्या बराच वेळ पाहत राहिल्या. “म्हणजे मी महिन्यातले पंधरा-सतरा दिवस बरी असते,” असे त्या म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीने हीच सर्वांत मोठी बातमी होती.

या दुखण्याचे निदान करण्याचा याहून चांगला मार्ग आजही उपलब्ध नाही. किमान दोन पाळ्यांची रोजची नोंद हवी. आठवून सांगितलेल्या हकिकतीवर विसंबून चालत नाही, कारण वाईट दिवस अधिक आठवतात. नोंद वाचताना आकडे किती मोठे आहेत यापेक्षा पाळी संपल्यानंतरचा आठवडा स्वच्छ आहे की नाही हे पाहावयाचे असते. तो स्वच्छ असेल तर त्रास पाळीपूर्व आहे. महिनाभर आकडे तसेच राहून पाळीपूर्वी ते केवळ वाढत असतील, तर मूळ आजार निराळा आहे. तो औदासीन्याचा विकार असेल, कंठस्थ म्हणजे थायरॉइड ग्रंथीचा दोष असेल, किंवा घरातील मारहाणही असेल. अशा वेळी पाळीवर बोट ठेवून मोकळे होणे घातक ठरते.

दोष संप्रेरकांचा नव्हे

पाळीच्या सुमारे चौदा दिवस आधी बीजांडकोशातून स्त्रीबीज बाहेर पडते. त्यानंतर प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण वाढते व गर्भ न राहिल्यास पाळीपूर्वी ते झपाट्याने उतरते. तेव्हा ज्यांना त्रास होतो त्यांच्या शरीरात हे संप्रेरक कमी किंवा अधिक असावे, असा तर्क दीर्घकाळ केला गेला. प्रत्यक्षात तसे आढळले नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील डॉ. पीटर श्मिट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी औषधाने बीजांडकोशाचे कार्य काही काळ थांबविले, तेव्हा त्रास असलेल्या अनेक स्त्रियांना आराम पडला. नंतर हीच संप्रेरके नेहमीच्या प्रमाणात बाहेरून दिली, तेव्हा त्यांचा त्रास परतला. ज्यांना पूर्वी कधी त्रास नव्हता अशा स्त्रियांना तीच संप्रेरके दिली असता काहीही झाले नाही. म्हणजेच भेद संप्रेरकांत नसून त्यांना मेंदू जो प्रतिसाद देतो त्यात आहे. प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात एक द्रव्य बनते. ते मेंदूतील शामक यंत्रणेवर परिणाम करते व बहुतेकींना त्याने स्वस्थता येते. काहींच्या बाबतीत मात्र नेमके उलट घडते.

याचा एक व्यावहारिक अर्थ आहे. या दुखण्याचे निदान करण्यासाठी रक्तातील संप्रेरकांची महागडी तपासणी करून उपयोग नसतो. ती ‘नॉर्मल’ येते, आणि मग “सगळे नॉर्मल आहे, उगाच करते” असे घरात म्हटले जाते. तपासावयाचे असेल तर रक्तातील हिमोग्लोबिन व थायरॉइड तपासावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या आहेत. रक्तक्षयाचा थकवा या दिवसांत दुप्पट जाणवतो. प्रसूतीनंतरच्या वर्षात सुमारे वीस स्त्रियांपैकी एकीच्या थायरॉइड ग्रंथीस दाह होतो व त्याची लक्षणेही अशीच असतात.

मुले झाल्यानंतरच का?

बाळंतपणामुळेच हा त्रास जडतो असे म्हणता येणार नाही. अविवाहित मुलींनाही तो होतो. तथापि मुले झाल्यानंतर तो वाढला असे सांगणाऱ्या स्त्रिया खोटे बोलत नाहीत. गरोदरपणात स्त्रीबीज सुटत नाही, अंगावर पाजण्याच्या काळातही पुष्कळदा ते काही महिने सुटत नाही व बहुधा वर्ष-दीड वर्ष पाळी नसते. त्या खंडानंतर ती परतते तेव्हा सोबतचा त्रास नवा व मोठा वाटतो. त्यात वय वाढलेले असते, आणि तिशीच्या उत्तरार्धापासून संप्रेरकांचे चढउतार पूर्वीइतके नियमित राहत नाहीत. शिवाय तान्ह्या मुलामुळे वर्षानुवर्षे सलग झोप मिळालेली नसते. ज्यांना प्रसूतीनंतर औदासीन्याचा आजार होऊन गेला असेल त्यांच्यात पाळीपूर्व तीव्र त्रासाचे प्रमाण अधिक आढळते. उलटपक्षी पूर्वीपासून असा त्रास असणाऱ्यांनी प्रसूतीनंतरच्या काळात अधिक जपावयास हवे.

शस्त्रक्रियेविषयीचा समज येथेच दूर करावयास हवा, कारण गावोगावी तो ऐकू येतो. नसबंदीत केवळ बीजवाहक नलिका बंद केल्या जातात. बीजांडकोश व त्याची संप्रेरके पूर्वीप्रमाणेच चालू राहतात. अमेरिकेत नऊ हजारांहून अधिक नसबंदी झालेल्या स्त्रियांची तुलना ज्यांच्या पतींनी नसबंदी केली होती अशा स्त्रियांशी करण्यात आली. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शस्त्रक्रियेमुळे पाळीच्या तक्रारी वाढल्याचे दिसले नाही. मात्र ज्या स्त्रिया आधी गर्भनिरोधक गोळ्या घेत होत्या व शस्त्रक्रियेनंतर त्या बंद झाल्या, त्यांचे नैसर्गिक चक्र पुन्हा सुरू होते आणि गोळ्यांनी दबलेला त्रास उघडा पडतो. सासूबाईंचे निरीक्षण चुकीचे नसते; त्यांनी काढलेला निष्कर्ष चुकतो.

याच सासूबाई पुष्कळदा असेही म्हणतात की आम्हांला नव्हते हो असले काही. त्यांच्या व त्यांच्या आधीच्या पिढीत सात-आठ बाळंतपणे होत आणि प्रत्येक मूल दोन-दोन वर्षे अंगावर पीत असे. आयुष्यातील पाळ्यांची संख्याच त्यामुळे कमी होती. लहान कुटुंबाने स्त्रीला अनेक संकटांतून सोडविले आहे यात शंका नाही. त्याबरोबर तिच्या पाळ्या वाढल्या, तेव्हा त्यांच्याकडे लक्षही वाढावयास हवे होते. ते झाले नाही. आपल्या रूढीने विश्रांती दिली तीही ‘दूर बसण्याच्या’ चार दिवसांची, अपमानासह. ज्या आठवड्यात तिला खरोखर उसंत हवी असते त्या आठवड्याची रूढीलाही खबर नव्हती.

उपाय आणि अपाय

त्रास सौम्य असेल तर झोप, चालणे व आहार यांनी बराच फरक पडतो. रोज अर्धा तास भरभर चालणे हे शेतात राबणाऱ्या स्त्रीला सांगणे हास्यास्पद आहे. पण खुर्चीवर बसून काम करणाऱ्या लिपिक भगिनींना ते सांगावयास हवे. कॅल्शियमचा उपयोग तपासून पाहिला गेला आहे. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्या स्त्रियांची लक्षणे तिसऱ्या पाळीपर्यंत जवळपास निम्म्याने उतरली. नुसती पिठाची गोळी घेणाऱ्यांत ती तीस टक्क्यांनी उतरली होती. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तिळात त्याच्या तिपटीहून अधिक. भाकरी, तिळाची चटणी व दूध ही जोड स्वस्त आहे. जेवणाबरोबर चहा घेतल्याने अन्नातील लोह अंगी लागत नाही, हेही येथे सांगून ठेवावे. श्रावणात व नवरात्रात उपासांची रांग लागते. त्या दिवसांत चहा व साबुदाण्यावर राहून घरचे व बाहेरचे काम ओढणाऱ्या स्त्रीची चिडचिड वाढली तर नवल वाटावयास नको.

गौरी-गणपतीच्या वेळी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या औषधांच्या दुकानातून परस्पर आणल्या जातात. त्या गोळ्यांत प्रोजेस्टेरॉनच्याच जातीचे कृत्रिम संप्रेरक असते. ज्यांचे मन या संप्रेरकाने बिघडते त्यांना त्या गोळ्यांचाही त्रास होऊ शकतो. डॉक्टरांना न विचारता त्या घेऊ नयेत, आणि घरातील मंडळींनी त्यांचा आग्रह मुळीच धरू नये.

एवढ्याने भागत नसेल तर औषधे आहेत व ती चांगली लागू पडतात. फ्लुओक्सेटिन, सरट्रालिन ही औदासीन्यावरील औषधे या त्रासात पहिल्याच महिन्यात गुण देऊ शकतात. बऱ्याच स्त्रियांना ती रोज न घेता पाळीपूर्वीचे सुमारे चौदा दिवस घेऊन भागते. ही ‘वेड्याची औषधे’ नव्हेत व झोपेच्या गोळ्यांप्रमाणे त्यांचे व्यसन लागत नाही. मात्र ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाची असतात. मूल अंगावर पीत असेल तर तसे सांगावे. काही प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांचाही उपयोग होतो. रक्तदाब, अर्धशिशी वा रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास असलेल्यांनी त्या घेण्यापूर्वी तपासणी करून घेणे अगत्याचे आहे. मानसोपचारातील समुपदेशनानेही या दिवसांना तोंड देण्याची रीत अंगवळणी पडते.

त्रास टोकाचा असेल तेव्हा काहींच्या मनात त्या दिवसांत जीव देण्याचे विचार येतात. पाळी आली की ते जातात, म्हणून कोणी बोलत नाही. कोणा भगिनीविषयी अशी शंका आली तर तिला सरळ विचारावे. विचारल्याने असे विचार मनात नव्याने भरतात हा समज खरा नाही. तिला एकटीला सोडू नये व त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. ‘टेलिमानस’ या नावाने ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र व विनामूल्य उपलब्ध आहे.

आता ‘पिशवी’विषयी. पाळीशी संबंधित कोणत्याही दुखण्यावर गर्भाशय काढून टाकण्याचा सल्ला देणारे व मागणारे दोघेही आपल्याकडे आहेत. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतील १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांच्या तक्रारी प्रामुख्याने निराळ्या होत्या. अंगावर जाणे, कंबरदुखी, कर्करोगाची भीती आणि कामाचा खाडा पडला की कापला जाणारा पैसा अशी ती कारणे होती. परंतु पिशवी काढली की सर्व कटकट संपते, हा विश्वास तोच होता. पाळीपूर्व त्रासाच्या बाबतीत तो सर्वस्वी फोल आहे. चक्र चालविणारा बीजांडकोश जागेवर राहतो, तेव्हा रक्तस्राव थांबला तरी मनाचा व अंगाचा त्रास महिन्याच्या महिन्याला येतच राहतो. आणि आता गोल करावयास पाळीही नसते. बीजांडकोशही काढले तर ऐन तारुण्यात ऋतुनिवृत्ती येते व हाडे झिजू लागतात. अन्य सर्व उपाय हरल्यावर तज्ज्ञांनी विचार करावा अशी ती गोष्ट आहे.

घरातील व कचेरीतील माणसे

त्या शिक्षिकेचे पती तिसऱ्या भेटीस सोबत आले. दिनदर्शिका त्यांना समजली व त्यांनी मुलांना शाळेत पोहोचविणे आणि रात्रीची भांडी ही दोन कामे त्या आठवड्यापुरती आपल्याकडे घेतली. इतके सुरळीत सर्वत्र घडत नाही. दिनदर्शिका दुधारी आहे. “तारीख जवळ आली वाटतं,” असे एकदा नवऱ्याने हसत म्हटले की त्या स्त्रीची त्या आठवड्यातील प्रत्येक न्याय्य तक्रारही निकालात निघते. मुलांच्या शिक्षणाकडे बापाचे दुर्लक्ष होत असेल तर ते पाळीपूर्वी दाखवून दिले म्हणून खोटे ठरत नाही. त्या दिवसांत तिचा आवाज चढतो. ती जे बोलते ते बहुधा महिनाभर गिळलेले असते.

कचेरीप्रमुख व मुख्याध्यापक यांनी हा विषय सर्वांदेखत काढू नये, तसेच कोणा भगिनीच्या पाळीच्या नोंदी मागू नयेत. ती आपण होऊन सांगेल तर कामाच्या वाटणीत आठवडाभराचा बदल करून द्यावा, इतकेच अपेक्षित आहे. बिहार शासनाने आपल्या स्त्री कर्मचाऱ्यांना महिन्यातून दोन दिवसांची विशेष रजा १९९२ पासून दिलेली आहे. अशा रजेच्या बाजूने व विरुद्धही बोलले जाते. माझ्या मते रजेइतकीच गरज आहे ती पहिल्या खुलाशापूर्वी शांतपणे विचारपूस करण्याची. वही भिरकावली हा दोष होता व तो शिक्षिकेने मान्यही केला. त्या विद्यार्थ्याच्या आईवडिलांची तिने भेट घेतली. औषध सुरू झाल्यावर तिसऱ्या महिन्याच्या पानावर एकदाच तीन हा आकडा होता. राजीनामा तिने फाडला नाही, पिशवीतच ठेवला. तो अजून लागेल की काय असे तिला वाटत होते, आणि मीही तिला तसा भरवसा दिला नाही.

ग्रामसभेपूर्वी होणाऱ्या महिला सभेत सरपंच व सदस्या भगिनींनी हा विषय घ्यावयाचा असेल तर व्याख्यान ठेवू नये. आशा कार्यकर्तीस बरोबर घ्यावे, पुरुष मंडळींना बाहेर थांबण्याची विनंती करावी आणि आकडे लिहिण्याची रीत एका जुन्या दिनदर्शिकेच्या पानावर दाखवावी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी वाईट दिवशी चौकटीत कुंकवाचे बोट टेकवले तरी चालते. पुढच्या सभेला पाने सोबत आणावयास सांगू नये. ती उपकेंद्रातील परिचारिकेला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना एकांतात दाखवावयाची असतात.